हात दाखवा, मग पुस्तक

सुभेदार माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी हातांकडे. गावच्या वाचनालयात कुणी पाऊल टाकलं की टेबलामागून आवाज यायचा, "हात दाखवा." बोटांना चुना, तेल, भज्यांचा वास, काहीही असलं तरी माणूस बाहेरच्या नळावर परत. एकदा त्यांनी खुद्द सरपंचांनाच दोनदा नळावर पाठवलं. सरपंच चिडले, "सुभेदार, मी सही करायला आलोय, जेवायला न्हाई." सुभेदार शांतपणे म्हणाले, "मंग तर आजून नीट धुवा. जेवन जिरून जातं, सही ऱ्हाती."

खरं तर ते सुभेदार नव्हतेच. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची बढती गावानं दिली. कुणी "सुभेदार" म्हटलं की ते "हवालदार!" अशी दुरुस्ती करायचे आणि समोरचा "व्हय सुभेदार" म्हणून पुढे जायचा. खोटं त्यांना खपत नसे, दुसऱ्यानं कौतुकानं बोललेलंसुद्धा.

सई, नील, माझ्या नातवंडांनो, तुमच्या तिकडे परदेशातल्या लायब्ररीत पुस्तकांना क्रमांक असतात. शाळेतून निवृत्त होऊन मी तेलगावजवळच्या आपल्या गावी राहायला आले, तेव्हा इथंही तसे क्रमांक घालावेत म्हणून मी बरीच खटपट केली. इंग्रजी शिकवलेल्या बाईला एवढी शिस्त हवीच. पण सुभेदारांची तीन कपाटं होती आणि त्यांवर खडूनं लिहिलं होतं: सेवा, सेना, सुधारणा. पहिल्यात डॉक्टर, तहसीलदार, सरपंच यांच्या आठवणी. दुसऱ्यात लढायांचा इतिहास. तिसऱ्यात हुंडा, जात, पाणी, शाळा यांवरची पुस्तकं. सैनिकांच्या विधवांनी पेन्शनसाठी दिलेल्या लढ्याचं एक पुस्तक आलं, तेव्हा ते कुठं ठेवायचं यावर आम्ही आठवडाभर भांडलो. तोवर ते पुस्तक खुर्चीवर बसून होतं आणि सुभेदार उभे.

कादंबऱ्यांना मात्र बंदी. "त्या टीव्हीवर रोज लागत्यात." आणि पुस्तक घरी नेण्याला त्याहून मोठी बंदी. "घरी नेलेलं पुस्तक आन् सासरी गेलेली लेक, म्याडम, माघारी येती ती सुकूनच." नवं पुस्तक आलं की ते त्याला "भरती" म्हणायचे, शिवायला दिलेलं पुस्तक "रजेवर". इतकं झाडलेलं-पुसलेलं वाचनालय अख्ख्या मराठवाड्यात नसेल. कारण तिथं कुणी येतच नव्हतं.

मग तपासणीचं पत्र आलं. वाचक दिसले नाहीत तर मान्यता जाणार आणि खोली पंचायतीकडे. सरपंचांच्या पुतण्यांना तिथं व्यायामशाळा हवी होती. वजनं आणूनही झाली होती. साहेब येणार म्हणून सुभेदारांनी फौजी रिवाजाप्रमाणे अंगणातल्या दगडांना चुना आणि लिंबाच्या बुडाला गेरू फासला. पण हात मध्येच थांबला. म्हणाले, "म्याडम, खोली गेली तर ही समदी कुटं जातील? पंचायतीच्या गोदामात, युरियाच्या पोत्याखाली." त्यांचा आवाज असा मी त्याआधी ऐकला नव्हता.

तपासणीच्या दिवशी मी पोचले तर खोली भरलेली. आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष अण्णा, मोठे बागायतदार, यांनी आपल्या शेतावरची माणसं आणून बसवली होती. ऊसतोडीहून परतलेली, सातवी शिकलेली कौसाबाईही होती. ती ओळीखाली बोट धरून वाचत होती. साहेब खूश झाले. "रोज इतके वाचक येतात?"

"रोज!" अण्णा म्हणाले. "कधी कधी तर जागा पुरत न्हाई."

सुभेदार ताठ उभे राहिले. "न्हाई साहेब. हे आजच आनलेत. रोज मी असतो, आन् कधीमधी म्याडम." एवढं सांगून ते एकेकाच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ लागले. कौसाबाई "आवो, थांबा की!" म्हणेपर्यंत तिचंही गेलं.

साहेबांनी दया दाखवली, पुढच्या तपासणीपर्यंत मुदत दिली. ते गेल्यावर अण्णा उसळले, "येडा हायस का बे? कावून बोललास? आता घे, वजनं उचल!"

"खोट्या हजेरीवर तळ राखता येत न्हाई, अण्णा," सुभेदार म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी कुणाचे हात बघितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कौसाबाई. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, पुढे धरलेले. "त्या बाईवर अविश्वासाचा ठराव आलता. पास झाला का न्हाई?"

"कोन्त्या बाईवर?"

"कालच्या पुस्तकातल्या सरपंचबाईवर! तुमी ऐन वख्ताला हिसकून घेतलं!"

सुभेदारांना उत्तर पाठ होतं. ओठ हललेही. पण म्हणाले, "वाचा, मंग कळंल."

"हितं बसून? मंग माज्या वाटचं खुरपायला तुमी जाता का?"

सुभेदारांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी त्यांनी ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "चुलीजवळ न्यायचं न्हाई. पोरांच्या हाती द्यायचं न्हाई. तेलाच्या दिव्याजवळ तर..."

"मंग वाचू कुटं, झाडावर?"

कौसाबाईनं पुस्तक संपवलं आणि खुरपताना बायांना गोष्ट सांगायला घेतली. ठरावापाशी येऊन थांबली. "पुढचं तुमीच वाचा," म्हणाली. सुभेदारांची विद्या तिनं एका दिवसात उचलली होती. मग बाया येऊ लागल्या, एकीमागून एक. पुस्तकं हळदीचे डाग घेऊन परत येत. सुभेदार डागावरून अंगठा फिरवायचे आणि मला सांगायचे, "जखमी हाय, पन कामगिरीवर जाऊन आलंय." पुढच्या तपासणीला कुणाला आणून बसवावं लागलं नाही. सरपंचांची वजनं त्यांच्याच गोठ्यात पडून आहेत.

या उन्हाळ्यात सुभेदारांचे गुडघे अगदीच गेले. मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. निघताना ते किल्ली द्यायला वाचनालयात आले. दुपारची वेळ, आत सहा-सात जणी खाली मान घालून वाचत होत्या, कौसाबाई आमच्याकडे पाठ करून. मी तिला हाक मारणार, तोच सुभेदारांनी हात वर केला.

"नगं, म्याडम. वाचत्यात त्या."

दारातच त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मग वाकून पायातल्या चपला काढल्या आणि आवाज होऊ नये म्हणून त्या हातात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी उतरत गेले.