उपडा पेला

रुग्णालयांच्या प्राणवायू यंत्रांचे सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. खरे नाते एकट्या भांडारपालाचे. तो त्यांचा धाकटा दीर. बावीस वर्षे वहिनींनी एक रिवाज मोडला नव्हता. बोर्डांच्या डब्यांची झाकणे चिकटवायच्या सिलिकॉनची नवी नळी आली, की त्यातला वाटाण्याएवढा गोळा घासलेल्या तांब्याच्या पट्टीवर ठेवायचा, वर काचेचा पेला उपडा घालायचा आणि तीन दिवस त्याला हात लावायचा नाही; तांबे हिरवे पडले, तर नळी बाद. "वहिनींनी अंडी उबवायला घातली," असे म्हणून लोक हसत.

आजारपणाची रजा संपवून त्या परतल्या, तेव्हा दुरुस्त बोर्डांचे तीस डबे बंद होऊन गाडीची वाट पाहत होते. व्हिनेगरचा वास दारातच नाकात शिरला.

"भाऊजी, नळी कुठली?"

"बाजारातली. नेहमीची संपली होती. सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन, वहिनी! डबा बादलीत बुडवून पाहिला, थेंबभर पाणी आत गेलं नाही."

"न्हाणीघराच्या फरशीला लावायचं हे! वाळताना आम्ल सोडतं. पाणी बाहेर ठेवलंस आणि आम्ल आत कोंडलंस. नळीवर लिहिलेलं वाचायला डोळे नव्हते?"

अज्ञानावर त्या इतक्या चिडल्या नसत्या; अज्ञान दूर करता येते. पण तपासणीच्या वहीत तीसही ओळींपुढे त्यांचीच सही होती, दिराच्या हस्ताक्षरात. ज्या हातांनी चाचणी केली नाही, त्यांनी तिची ग्वाही मात्र दिली होती.

व्यवस्थापक धावत आला. "वहिनी, गाडी उभी आहे. यंत्रं चालतायत ना?"

"आज चालतायत. दोन महिन्यांनी कुणाच्या तरी उशाशी बंद पडतील. तिथे तुम्ही जाऊन बसणार आहात?"

त्यांनी पहिल्या डब्याचे झाकण ब्लेडने कापले. आतल्या उघड्या तांब्याच्या कडेला हिरवी भुकटी धरली होती. डबा त्यांनी व्यवस्थापकाच्या नाकाखाली धरला. त्याने तोंड फिरवले आणि गाडी थांबवायला निघून गेला.

"वहिनी," दीर पुटपुटला, "घरी कळू देऊ नका."

"घराची काळजी नंतर कर. आधी वहीतली माझी सही खोड, तुझं नाव लिही. तीसही ओळींत." त्यांनी दुसरे ब्लेड त्याच्यापुढे आपटले. "मग हे घे. एकोणतीस डबे उरलेत."