एकाच कापडाची तीन जाकिटं

गाड्यांची कव्हरं शिवणाऱ्या बाईला जाकिटं शिवायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण धाकटी बहीण येणार म्हटलं की थोरलीच्या अंगात काहीतरी संचारायचं. परत आलेल्या एका ऑर्डरचं राखाडी, पाणी न झिरपणारं कापड दुकानाच्या कोपऱ्यात पडून होतं. त्यातून तिने तीन टोपीवाली जाकिटं बेतली. एक आईला, एक धाकटीला, एक स्वतःला. तिन्ही एकसारखी, खिसे तेच आणि बटणंही तीच. धाकटीच्या जाकिटाला जरा बरी कॉलर लावावी असं एकदा मनात आलं होतं, पण तिने ते मोडून काढलं. ती पोतं नेसली तरी उठून दिसते. निदान आपल्या शिलाईत तरी दिसायला नको.

थोरली तशी वाईट नव्हती हो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागच्या खोलीत आई आणि मध्ये कधीच न लागणारं दार. त्या दारातून दिवसभर आईचे हुकूम सुटायचे. मशीन डोक्यात जातंय. भाजीत मीठ कमी. खिडकी उघड. अगं, बंद कर, गारठले मी! थोरलीही काही मूग गिळून बसणारी नव्हती. तोंडात टाचण्या धरून ती तिथूनच उलट उत्तर द्यायची.

पण सुट्टीच्या दिवशी धाकटीचा फोन आला की हीच आई आधी केसांवरून कंगवा फिरवायची. नुसता आवाज ऐकू येणाऱ्या फोनसाठी! मग सुरू व्हायचं, "छान आहे गं सगळं. मजेत आहे मी. तू जेवलीस का बाळा?" आपल्या वाट्याला कुरकुर आणि तिच्या वाट्याला साखर. थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं, आणि तेवढ्यापुरतं मशीन जरा जास्तच जोरात चालायचं.

या खेपेला धाकटीने आल्या आल्या विषय काढला. ती दातांची डॉक्टर, मोठ्या शहरात राहणारी, घरात दोन खोल्या रिकाम्या. "ताई, इतकी वर्षं तूच करतेयस. आता आईला मी घेऊन जाते."

खरं तर थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. तिची पाठ गेली होती, झोप अर्धी झाली होती. पण तिचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं कौतुक नेलंस, आता आईही ने!

आई लगेच हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. डोंगरावरचं जंगल बघायचं तिच्या फार दिवसांपासून मनात होतं. "आधी तिथे फिरून येऊ," ती म्हणाली. "मग सांगते काय ते."

तिघी ती राखाडी जाकिटं घालून तिथे पोचल्या तर धुक्यात तिकीटखिडकीसुद्धा शोधावी लागली. उंच झाडांचे फक्त बुंधे दिसत होते, शेंडे कुठे गेले कुणास ठाऊक. झाडांमधून फळ्यांची पायवाट आणि तिला ओलाकच्च कठडा. फाटकातच आईने धाकटीचा हात धरला. थर्मास, औषधं आणि शाल भरलेली पिशवी घेऊन थोरली मागून चालत राहिली. पुढून हसणं ऐकू येत होतं. आईला इतकं हसू येतं तरी कुठून? आपल्यासमोर कुठे पळून जातं ते?

वाटेतल्या बाकावर आई टेकली. धाकटी म्हणाली, "बस हं, मी गरम चहा आणते," आणि धुक्यात दिसेनाशी झाली. थर्मासमध्ये चहा आहे की, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. आणू दे तिलाच!

धुकं आणखी दाटलं. आईचा चष्मा वाफेने पांढरा झाला, तो काढून तिने खिशात टाकला. थोरली पुढे होऊन बाकाशी उभी राहिली. आईने चाचपून तिची राखाडी बाही धरली.

"आलीस? बस अशी. ताई मागे आहे तोवर सांगून टाकते. रागावू नकोस बाळा, पण मी तुझ्याकडे येणार नाही."

थोरली बोलणार होती. पण तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

"तुझं घर छान आहे गं. पण तिथे मला चांगलं वागावं लागतं. आवडलं नाही तरी आवडलं म्हणावं लागतं. दोन दिवसांत दमते मी. ताईवर कसं, मनात आलं की ओरडता येतं. ती चार शब्द परत देते आणि मग आम्ही जेवायला बसतो." आईने बाही जवळ ओढली. "फक्त ती कंटाळली असेल, तर मात्र येईन मी. तिला विचारायचा धीर होत नाही मला. तू विचार, माझं नाव न घेता."

थोरलीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जिचा हेवा केला, तिच्या वाट्याला नुसतं पाहुणेपण आलं होतं.

"आई! ताई! कुठे आहात?" समोरून धाकटीचा आवाज आला. आईने दचकून चष्मा चढवला आणि हातातली बाही कुणाची ते पाहिलं.

"तू होय! मग तोंडाने सांगता येत नाही? ठोंब्यासारखी उभी! आणि हे जाकीट केवढं घट्ट शिवलंयस, हात वर होत नाही माझा."

"आत दोन-दोन स्वेटर कुणी घातलेत?" थोरली म्हणाली. पुढचं तिने ठणकावून सांगितलं, "घरी चल, उसवून देते. आणि कंटाळायला मला वेळ आहे कुठे? तुझी खिडकी उघडण्यातच दिवस जातो माझा."

आईने बाही सोडली नाही.

धाकटी कागदी कप घेऊन उभी होती. "माझ्यावर आई कधी अशी ओरडत नाही," ती हळूच म्हणाली.

आईने केस सारखे केले, कप घेतला, घोट घेतला. "वा! छान आहे हो चहा."

धाकटीनेही आपल्या कपातला घोट घेतला. "गार झालाय ना गं आई?"

"नाही गं बाळा. मस्त आहे."

धाकटीने कप खाली ठेवला आणि ताईकडे पाहिलं. ती नजर थोरलीला चांगलीच ओळखीची होती; इतकी वर्षं ती तिच्याच डोळ्यांत होती.