उघडलं कोणी, घेतलं कोणी

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात त्यांना सगळे टपालबाई म्हणत. सव्वीस वर्षं आलेला प्रत्येक कागद त्यांनी जाड रजिस्टरात नोंदवला होता. रकाने चार: तारीख, कुठून, कशाबद्दल आणि शेवटचा, 'कोणी घेतलं'. त्या रकान्यात सही पडेपर्यंत बाई समोरच्याच्या टेबलापासून हलत नसत. पेन रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं. साहेब लोक पेनं खिशात घालून जातात, असं त्या साहेबांच्या तोंडावर सांगायच्या. जावयाला डबा दिला तरी 'मिळाला' म्हणवून घेते, असं हसत त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी आलो होतो ते हे सगळं बंद करायला. तारा ओढून संगणक जोडायचे, आपापसात निरोप पाठवायची सोय करायची आणि कार्यालयाची एकच सामाईक ईमेल पेटी पाच जणांच्या पडद्यावर आणायची. नवी ईमेल ठळक दिसणार, कोणीही उघडली की सगळीकडे फिकट होणार. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

"बाई, आता रजिस्टरला सुट्टी."

"आणि चौथा रकाना?"

"कशाला हवा? सगळ्यांना सगळं दिसतंय की."

पहिल्याच दिवशी बघतो तर बाई पडद्यावरची एकेक ईमेल हातानं रजिस्टरात उतरवत बसलेल्या. माझं डोकंच फिरलं. त्यात सकाळपासून सगळ्यांनी गंमत म्हणून पन्नासेक ईमेल पाठवलेल्या, बाई त्याही इमानदारीत लिहीत होत्या.

अकरा वीसला त्यांनी मान वर केली. "तारवाले, तीन नंबरच्या टाकीवरनं आलेलं कोणी घेतलं?"

"फिकट दिसतंय ना? म्हणजे कोणीतरी उघडलंय."

"उघडलं कोणी, ते नाही विचारत. घेतलं कोणी?" आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "गाळ काढायला दोन माणसं टाकीत उतरत आहेत. आम्ही कळवेपर्यंत पाणी सोडू नये." त्यांचा आवाज बदलला. "अहो, साडेअकराला सोडतात पाणी!"

ती ईमेल मीच उघडली होती. साडेदहाला, बाईंच्या खुर्चीत बसून, पेटी चालते का बघायला. पोचली म्हणून खूश झालो आणि न वाचताच बंद केली. बाकीच्यांनी ती फिकट बघितली आणि कोणीतरी बघितलं असेल म्हणून सोडून दिली.

झडप उघडणारा ऑपरेटर अंगणापलीकडच्या खोलीत बसायचा. मी संगणकावरून निरोप पाठवला. उत्तर नाही. सकाळपासूनच्या थट्टेच्या निरोपांना कंटाळून त्यानं ते बंदच करून टाकले होते. फोन लावला, तो व्यस्त. बाई तोवर दाराबाहेर गेल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, रजिस्टर काखेत मारून पळत होत्या. मी त्यांना मागं टाकलं, खोलीचं दार ढकललं. ऑपरेटरचा हात खटक्यावर होता आणि मला धाप लागून तोंडातून शब्द फुटेना.

"हात काढ!" अंगणातून बाई ओरडल्या. "माणसं आहेत टाकीत!"

त्यानं हात काढला. बाईंनी टाकीवर फोन लावला. दोघं अजून आतच होते, गुडघाभर गाळात. बाईंनी ऑपरेटरपुढे रजिस्टर धरलं. "आता घेतलंस ना? कर सही." त्यानं सही केली.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "ही ईमेल उघडून गप्प कोण बसलं?"

साहेब माझ्याकडे वळले. "पेटीत नाव दिसतं?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. मीच ती तशी बसवली होती.

"मग ज्याचं काम, तोच जबाबदार," म्हणत साहेबांनी ऑपरेटरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरून मी गप्प राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

बाईंनी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवून चौथ्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'कोणी उघडलं'. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"साडेदहाला माझ्या खुर्चीत तुम्ही बसला होतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुमचं नाव मी नाही लिहिणार. ते तुम्हीच लिहा."

पेनाची सुतळी आखूड होती. लिहायला मला वाकावं लागलं.