साडूचा सॉस आणि माझं काळं तिखट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण मी जिंकलो होतो! जिंकूनसुद्धा माणसाची फजिती कशी होते, तेच तर सांगायचंय.

माझी सासुरवाडी देवणीजवळची. तिथं दरवर्षी शेतात कंदुरी असते, म्हणजे दर्ग्याला बकरं आणि सगळ्या गावाला जेवण. मटण पुरुषांनीच करायचं. त्या मटणाची पळी इतकी वर्षं मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात. यंदा त्यांची कंबर धरली. मग पळी कुणाला? मी थोरला जावई, नांदेडचा. धाकटा माझा साडू सतीश, लातूरचा. आणि साडू ही काय चीज असते, ते ज्याला साडू आहे त्यालाच विचारा!

सतीशनं बार्बेक्यूची शेगडी आणली आणि सॉसच्या बाटल्या ओळीनं मांडल्या.

"दादा, सॉसशिवाय मजा न्हाई!"

"सॉस म्हणजे नुसता मेकअप हाय," मी म्हणालो. "मांसाला कोरडा मसाला चोळावा लागतो. माझ्या मायच्या हातचं काळं तिखट आणलंय, धर्माबादच्या मिरचीचं!"

मामा मिशीत हसले. "भांडू नका. कोंबडीच्या तंगड्या भाजा. ज्याच्या चांगल्या, त्याची पळी."

झालं! मी तडक स्वयंपाकघरात घुसलो आणि फळीवरचा स्टीलचा डबा उचलला. शेगडी पेटवताना धुरानं नाक चोंदलेलं, वास कोण घेतो? काळी पूड मुठीमुठीनं चोळली. जरा तेलकट लागली खरी. पण माझी माय मसाला भाजताना तेलाला हात आखडत नाही, म्हटलं बरंच आहे.

तिकडे सतीशनं कच्च्या तंगड्यांवरच गोडमिट्ट सॉस थापला. निखाऱ्यावर ठेवल्याबरोबर त्यातली साखर करपली. वरून कोळसा, आतून कच्चं!

"सतीशराव, कोंबडी भाजून राहिले का डांबर वितळवून राहिले?"

"हसा दादा, हसा! तुमचं कोरडं ठणठणीत न्हाई झालं तर सांगा!"

झालं का? छे! माझ्या तंगड्यांवर कुरकुरीत काळा थर चढला आणि असा खमंग वास सुटला की शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. मामांनी एक घास घेतला आन् डोळेच मिटले.

"लई भारी! ऐका रे, यंदा कंदुरीला हीच चव! साऱ्या गावाला!"

मग काय विचारता? मी छाती फुगवून भाषणच ठोकलं. दगडफूल काय, नागकेशर काय, जे आठवेल ते त्या मसाल्यात घातलं. वर म्हणालो, "आमच्या घराण्याचं गुपित हाय मामा. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई!"

सतीशनं हात जोडले. पळी माझी झाली! एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

तेवढ्यात मामी भाकरीची टोपली घेऊन बाहेर आल्या.

"आवो, माझी कारळाची चटणी कुणी नेली? सकाळीच कुटून ठेवली होती, भाकरीसंगं खायला."

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तंगड्यांकडं बघितलं. मग आत गेली आणि आमच्या पिशवीतून मायचा डबा घेऊन आली. झाकणावरची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती!

सतीश हसता हसता खाली बसला. मला वाटलं, गेली पळी. पण मामा न्यायाचा माणूस.

"पळी तुमचीच, जावईबापू. तंगड्या तुम्हीच भाजल्या. आम्हाला चवीशी मतलब."

हाय का न्हाई विजय? मी पुन्हा छाती फुगवणार, तोच मामा म्हणाले, "पण साऱ्या गावाला ही चव कबूल केलीय मी. आन् दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई, असं तुम्हीच म्हणालात. मग कारळ बी तुम्हीच कुटा."

"मिक्सर हाय की मामी!" मी केविलवाणा.

"मिक्सरमधी तेल सुटत न्हाई तिला. उखळातच कुटावी लागती."

कंदुरीच्या दिवशी पळीचा मानकरी उखळापाशी बसून शिंकत होता, हातांना फोड, डोळे लालभडक. आणि हरलेला साडू बाजेवर लवंडून चहा पीत होता.

"दादा," तो म्हणाला, "जरा बारीक कुटा."