मावशीनं आमचं गाव पाहिलं तेव्हा

नातसून पितळी घागर चिंचेनं घासायला बसली, की त्या आंबट वासानं मी उठून अंगणात जातो. एकोणीसशे पन्नासनंतरच्या काळातली गोष्ट. माझी सोयरीक जुळवण्याआधी वाशिमकडचे पाहुणे आमचं घर अन् गाव पाहायला आले होते. मी छाती काढून सांगत होतो, गावात पिठाची गिरणी आहे, बाजार भरतो, मोटर थांबते. पोरीची मावशी मात्र उठली आणि आमचीच, मायनं चिंचेनं घासून ठेवलेली रिकामी घागर घेऊन विहिरीकडे निघाली. "मावशीले आमचा चहा नाई पटला!" मी हसलो. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला, तेव्हा ती धापा टाकत आली. "गाव लय मोठं हाय, नवरदेव," डोक्यावर घागर तशीच ठेवून ती म्हणाली, "पन पानी गावात नाई. तुमी कधी आनलं काय?" "ते बायाचं काम हाय," मी ताठ्यानं म्हटलं. तेवढ्यात मावशीच्या डोक्यावरची घागर उतरवून घेताना मायचा पदर घसरला. घागरीखालच्या चुंबळीनं तिच्या टाळूवरचे केस पार झिजून गेले होते. सगळे पाहत होते, अन् मीही पहिल्यांदाच पाहत होतो. सोयरीक मोडली, त्याचं काही नाही. आता कोणी आपल्या गावाची बढाई मारू लागलं, की मी विचारतो, "पानी कोन आनते?" मायले मात्र, विहीर किती लांब आहे, एवढंही मी कधी विचारलं नाही.