मिस्त्रीच्या हातातला पाना

गिरगावातल्या गॅरेजमधून मला हाकलून दिलं, त्याच दिवशी मी ठरवलं होतं की तिथल्या मिस्त्रीला सोडायचं नाही. भाजलेला तळहात फडक्यात गुंडाळून परळच्या चाळीत परतलो, आईने विचारलं तरी काही बोललो नाही. बोललो असतो तर राग थोडा उतरला असता, आणि मला तो उतरायला नको होता.

झालं होतं ते असं. एका गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या हॉर्नचा रिले बदलायचा होता. रिले म्हणजे बॉनेटखाली बसवलेली एक छोटी डबी. हॉर्नचं बटण दाबलं की तिच्या आतले पॉइंट चिकटतात आणि हॉर्नला करंट जातो. डबीचा तळ काळ्या बेकेलाइटचा, चिनीमातीच्या बशीसारखा ठिसूळ. त्यातून निघालेल्या आटे पाडलेल्या खिळ्यांवर नट आवळून वायरी धरलेल्या असतात. जुन्या गाडीत हे सगळं गंजून एकजीव होतं. मी मिस्त्रीकडे नट सोडवायचे पातळ पाने मागितले. त्याच्या पेटीला मी हात लावायचा नाही, हे त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, पण मिस्त्रीच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. त्याने एक जाडजूड स्क्रूड्रायव्हर माझ्या पायाशी टाकला.

"खालून घाल आणि उचक."

"आधी बॅटरी सोडवू का?"

"बॅटरी सोडवू नको, मालक येतायत. उचक म्हणतोय ना."

मी उचकला. स्क्रूड्रायव्हर एकीकडे करंटच्या खिळ्याला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला टेकला. एवढी ठिणगी उडाली की हाताची कातडी तिथेच राहिली. तळ तडकला, वायरींनी पेट घेतला. गॅरेजचे मालक धावत आले तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मी नको नको म्हणत होतो. ऐकत नाही. यांना मोटारीचं काम द्यावंच कशाला?"

"यांना" म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. मालकांनी मला एक शब्द विचारला नाही.

पुढे मला रे रोडला, लाकडाच्या वखारीतल्या लॉऱ्या दुरुस्त करायचं काम मिळालं. बंदराच्या खाऱ्या हवेत तिथला एकही नट सरळ निघत नसे. मी माझी हत्यारं स्वतः जमवली. भंगारवाल्यांच्या ढिगांतून निवडताना प्रत्येक वेळी मिस्त्रीचा चेहरा डोळ्यांपुढे असायचा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा स्क्रूड्रायव्हर मी कानशीने घासून तयार केला, कारण सैल पातं खाच खाऊन टाकतं. दोन पाने घासून पातळ केले. खिळ्याला खाली एक नट असतो आणि वर एक. खालचा एका पान्याने धरून ठेवला तरच वरचा सोडवावा, नाहीतर खिळाच फिरतो आणि तळ फुटतो. पकडीच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. रॉकेलची छोटी कुपी ठेवली. आणि उचकायचीच वेळ आली तर लोखंड नको म्हणून वखारीतल्या सागाच्या तुकड्याची पाचर तासली. लाकडातून करंट जात नाही. ही हत्यारं मी कुणाला उसनी दिली नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. लालबाग-परळला रोज कुठे ना कुठे सभा. मीही जायचो. एका संध्याकाळी आमच्या चाळीजवळच्या मैदानावर पाहतो तर मिस्त्री मंचाजवळ, छातीला बिल्ला लावून. माईकवरून सांगत होता की आपण सगळे मराठी, एका आईची लेकरं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लाउडस्पीकर एका मोटारीवर बांधला होता आणि तिच्याच बॅटरीवर चालत होता. मोटार मिस्त्रीच्या गॅरेजला दुरुस्तीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाची. मालकांनी ती त्याला न विचारता सभेला दिली होती आणि तेही मंचाजवळच उभे होते. मुख्य वक्ते बोलायला उभे राहिले आणि कुणाचा तरी हात बटणाला लागून मोटारीचा हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. रिलेचे पॉइंट आत चिकटले होते. मिस्त्रीने धावत जाऊन बॅटरी सोडवली. हॉर्न बंद झाला, त्याबरोबर लाउडस्पीकरही. लोक ओरडू लागले.

"वायरी कापून टाका," कुणीतरी म्हणालं.

"कापायचं नाही, तोडायचं नाही," मालक घामाघूम होऊन म्हणाले. "गाडी दुसऱ्याची आहे."

मिस्त्रीने नटाला पाना लावला तसा खिळा तळातल्या तळात फिरू लागला. तो थबकला. मी घरून हत्यारांची पिशवी घेऊन आलो आणि त्याच्याशेजारी उभा राहिलो.

"मी काढतो," मी म्हणालो. "पण आधी मालकांना सांगा, त्या दिवशी उचक कोण म्हणालं होतं."

"अरे, ही वेळ आहे का?"

"माझ्याकडे वेळ आहे."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "नंतर बोलू. सभा चाललीय. आपली सभा आहे."

"आपली म्हणजे कुणाची?"

भोवती माणसं जमली होती, निम्मी आमच्या चाळीतली. मिस्त्रीने मालकांकडे न बघता सांगितलं, "मीच म्हणालो होतो. बॅटरी सोडवू नको, असंही मीच म्हणालो."

"मोठ्याने," मी म्हणालो. त्याने पुन्हा सांगितलं.

मग मी नटांवर रॉकेल सोडलं आणि एक पाना त्याच्या हातात दिला. "खालचा नट धरा. हलू देऊ नका." तो बॉनेटखाली वाकला. मी वरचे नट एकेक करून सोडवले, अगदी सावकाश. त्याच्या कपाळावरचा घाम इंजिनवर टपकत होता. घाई करता आली असती, पण मी केली नाही. बुडाचे स्क्रू निघाले, तरी डबी पत्र्याला धरून बसली होती. पाचर सारून हलकेच दाबली तशी ती अख्खी हातात आली. सुट्या वायरींना रबर गुंडाळलं, बॅटरी जोडली. लाउडस्पीकर खरखरला आणि भाषण सुरू झालं.

मालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "उद्यापासून ये कामावर."

"नाही येणार," मी म्हणालो. "तुम्ही तेव्हा मला विचारलं नव्हतं."

सूड घेऊन मन रितं होतं असं पुष्कळ लोक सांगतात. माझं तसं झालं नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो. पुढे लालबागला मी स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. मिस्त्रीची बहीण त्याच गल्लीत राहायची. तिच्याकडे येताना तो माझ्या दारावरून न जाता पलीकडून वळसा घालून जायचा. मी हातातलं काम थांबवून, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचो.