न धुतलेली शाल

कडकबाईच्या घरात मळकी वस्तू शोधून दाखवावी, असं गल्लीतले लोक पैजेवर म्हणायचे. बाईची लाँड्री होती. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. शर्टाच्या कॉलरला ती जेवढी खळ लावायची त्याहून जास्त तिच्या बोलण्याला असायची, म्हणून नाव पडलं कडकबाई. गिऱ्हाइकानं "डाग राहिलाय" म्हटलं, की आधी गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा उद्धार व्हायचा आणि मग डागाकडे बघितलं जायचं.

अशी ही बाई त्या दुपारी दुकान बंद करून स्वतःच्याच घरात मळकं कापड शोधत होती. पायपुसणं कालच धुतलेलं. भांड्यांचं फडकं उकळून काढलेलं. उशांचे अभ्रे सकाळीच बदललेले. संध्याकाळ जवळ येत होती.

हे सगळं चाललं होतं एका पिल्लासाठी, आणि पिल्लू हवं होतं लेकीसाठी.

लेक विशीतली, एकुलती एक. मागच्या वर्षी दुकानात गर्दी उसळली होती, कामाची बाई आली नव्हती, तेव्हा कडकबाईच म्हणाली होती, "जरा प्रेसवर उभी राहा गं." इस्त्रीच्या वाफेची नळी सुटली आणि पोरीचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. जखम भरली, व्रण राहिला. पण लेक त्यानंतर जिना उतरली नाही. करड्या लोकरीची एक शाल डोक्यावरून गालापर्यंत ओढून खोलीत बसायची. ताट दाराशी ठेवावं लागायचं. ती शाल ती धुवायला म्हणून देत नसे. त्यावरून मायलेकींची रोज जुंपायची.

"अगं, वास मारतेय ती!"

"मारू दे. तुझ्या नाकाला लागते ना? मग येऊ नकोस इकडे."

कडकबाई जिन्यावर येऊन डोळे पुसायची आणि खाली जाऊन गिऱ्हाइकांवर ओरडायची.

घरात एखादं जनावर आणा, पोरगी बोलायला लागेल, असं कुणीतरी सुचवलं. चार गल्ल्या टाकून एक बाई जातिवंत कुत्री पाळायची आणि पिल्लं विकायची. कडकबाई तिथे गेली आणि पहिल्याच भेटीत तोंडात मारल्यासारखी गप्प झाली, कारण तिच्याहून कडक बाई तिनं पाहिली नव्हती. पिल्लांवालीनं आधी जिन्याची चौकशी केली. मग विजेच्या वायरी, कपडे धुवायच्या पावडरी, दिवसभर घरात कोण असतं, सगळं खोदून खोदून विचारलं. "घरातले सगळे राजी आहेत ना?" असंही विचारलं. कडकबाई धडधडीत खोटं बोलली, "आहेत की." लेकीच्या कानावर तिनं अजून काही घातलंच नव्हतं.

बाकीची पिल्लं येणाऱ्याच्या चपला ओढत होती. एक मात्र आईच्या पोटामागे दडून बसलं होतं. कडकबाईला चपला ओढणारं आवडलं. पिल्लांवाली म्हणाली, "ते नाही. तुमचं घर शांत आहे म्हणता, मग हे मागचं न्या."

तेव्हापासून कडकबाईनं घराचा कायापालट केला. जिन्याला वर आणि खाली फळ्यांची फाटकं ठोकून घेतली. ब्लीचच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. वायरी भिंतीला चिकटल्या. लेकीनं आतून विचारलं, "कसली ठोकाठोक चाललीय?" तर ही म्हणाली, "उंदीर झालेत." आता उंदरांना कोणी फाटक लावतं का?

शेवटची अट होती कापडाची. घरातलं एक कापड पिल्लांच्या खोक्यात आठवडाभर ठेवायचं. त्याला पिल्लाच्या आईचा वास लागतो, पिल्लाला नव्या घराचा वास कळतो, आणि मग तेच कापड पिल्लाबरोबर घरी जातं. त्याच्याशिवाय दिलेलं एक पिल्लू रडून रडून आजारी पडलं होतं, तेव्हापासून पिल्लांवालीचा हा नियम. कडकबाईनं काय करावं? दुसऱ्याच्या घरी द्यायचं म्हणून सगळ्यात चांगला टॉवेल काढला, धुतला, इस्त्री केला आणि घडी मोडू न देता घेऊन गेली.

पिल्लांवालीनं तो नाकाशी नेला. "याला साबणाचा वास येतोय. माणसांचा कुठाय?"

"मग मी पांघरते ते आणते."

"बाई, तुम्हालाही साबणाचाच वास येतोय. पिल्लू कोणाजवळ राहणार?"

"लेकीजवळ."

"मग तिचं आणा. न धुतलेलं. संध्याकाळी एक जोडपं येतंय, त्यांनाही हेच पिल्लू हवंय. त्याआधी आलात तर ठीक."

सगळं घर धुंडाळून झालं, पण लेकीची न धुतलेली वस्तू एकच होती.

कडकबाईनं दार वाजवलं. "तुझी शाल हवी होती," ती म्हणाली आणि मग पिल्लू, फाटकं, खोटे उंदीर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

लेक आतून म्हणाली, "इतके दिवस ती घाण होती. आता घाणच हवी झाली का तुला?"

"हो."

"माझी कीव आली म्हणून कुत्रं आणतेस?"

"मला भीती वाटते म्हणून आणते!" कडकबाई ओरडली आणि तिचा आवाज चिरकला. "रोज ताट ठेवताना वाटतं, उद्या हे भरलेलंच परत येईल. मीच उभं केलं तुला त्या प्रेसवर. मला नाही सुचत दुसरं काही."

"शाल सोडून काहीही माग, आई."

"बरं. राहू दे." ती खरंच जिन्याकडे वळली.

"कोणतं पिल्लू आहे?" दारामागून आवाज आला.

"कोणी आलं की आईमागे लपतं ते. ते जोडपं नेईल आता. पिल्लांवाली सांगत होती, त्यांच्याकडे धिंगाणा घालणारी दोन पोरं आहेत आणि रोज पाहुणे."

"तिथे लपायचं कुठे त्यानं?"

"मला काय माहीत!"

कडी वाजली. लेक दारात उभी होती, शाल डोळ्यांपर्यंत ओढलेली. "मीच नेऊन देते. तुझ्या हातात दिली तर वाटेत धुशील."

कडकबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

रस्त्यावर ती लेकीच्या डाव्या बाजूनं चालली, भिंतीसारखी. बेकरीवाल्यानं मान वर केली तशी कडकबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा पाव मोजायला लागला. दर कोपऱ्यावर कडकबाईला वाटत होतं, आता लेक मागे फिरणार.

पिल्लांवालीच्या दाराशी गाडी उभी होती. आत जोडप्यातल्या माणसानं ते पिल्लू उचलून घेतलं होतं आणि ते त्याच्या हातात आकसून गेलं होतं.

"ठेवा खाली," पिल्लांवाली म्हणाली. मग लेकीकडे वळली. "कापड?"

सगळे बघत होते. कडकबाईचा जीव टांगणीला लागला. लेकीनं डोळे मिटले, शाल डोक्यावरून काढली आणि खाली बसून खोक्यात अंथरली. गाल उघडा पडला. ती तशीच मान खाली घालून राहिली.

पिल्लू लगेच आलं नाही. कडेकडेनं फिरलं, थांबलं, पुन्हा आईमागे गेलं. जोडप्यातली बाई काही बोलणार तोच पिल्लांवालीनं बोट ओठांवर ठेवलं. पिल्लू परत आलं, शालीच्या टोकात नाक खुपसलं आणि तिथेच बसलं.

"वाफेनं भाजलं का?" पिल्लांवालीनं लेकीला सरळ विचारलं.

"हो."

"दुखतं अजून?"

"आता नाही."

"बरं. पुढच्या आठवड्यात या. पिल्लू तुमचं." जोडप्याला तिनं चपला ओढणारं दाखवलं, आणि ते तेवढ्यावर खूश झाले.

शाल आता तिथेच राहणार होती. परतताना लेकीच्या डोक्यावर काही नव्हतं. कडकबाई घाईनं तिच्या डाव्या बाजूला आली आणि पदर पुढे धरून चालू लागली. बेकरी जवळ आली तशी ती आणखी चिकटली.

"आई, उजवीकडे ये."

"अगं, पण लोक..."

"सरक ना जरा. वारा लागू दे गालाला."

कडकबाई सरकली.